हवेला अगरबत्ती

आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, बॉयलरवाले काका कसे होते. तो आधी हसेल. मग हातात अगरबत्ती धरल्यासारखं करून छताकडे बघेल आणि शेवटी हमखास म्हणेल, "आयुष्यभर लोकांच्या जाळ्या उघडत फिरला, आणि एका घराची हवा मात्र स्वतःच सांगून बंद करून बसला." ते घर आमचं. ती बंद झालेली हवा माझ्या आईच्या जिवावर उठली होती, आणि तिला बाहेर काढलं ते काकांनीच. पण हवा त्यांनी बंद करायला सांगितली, हे साफ खोटं आहे. कसं, ते मला एकटीला ठाऊक होतं. कितीतरी वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसले होते; मी, जिच्या तोंडाला अख्खा दुसरा मजला टरकून असायचा. आता सांगते, आणि भराभर सांगते.

काका आमच्यापासून दोन खोल्या पलीकडे राहायचे. नाव सांगत नाही, कारण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकलीच नाही. उमेदीची वर्षं गिरणीच्या बॉयलरवर गेली. गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका हॉस्पिटलात लाँड्रीच्या बॉयलरवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. काकी आधीच गेलेल्या, मुलगा बदलापूरला. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन आणि पेनाशेजारी तीन-चार अगरबत्त्या, मोगऱ्याच्या. चाळीत नव्याने आलेल्या सुनांना वाटायचं, केवढे देवभक्त आहेत. पण त्यांना देवापुढे हात जोडताना कुणी पाहिलं नव्हतं.

कुणाच्या घरी गेले की लोक "या, बसा" म्हणायचे आणि हे बसायचेच नाहीत. मान वर करून, पाल शोधावी तसे भिंतीच्या कडेकडेने चालायचे. जाळी सापडली की खिशातली अगरबत्ती काढायची, पेटवायची, जाळीपाशी धरायची आणि धूर कुठे जातो ते बघत उभं राहायचं. बाहेर गेला तर म्हणायचे, "पास." घरात परत वळला तर "नापास," आणि मग त्या घरचा चहा जाळी साफ झाल्याशिवाय ते तोंडाला लावायचे नाहीत. कितीतरी चहा त्यांच्यापायी पुन्हा गरम झालेत.

"काका, एखादी देवाला तरी लावा की," एकदा माझी आई म्हणाली.

"देवाला तुम्ही सगळ्या आहात," ते म्हणाले. "हवेला कोण आहे?"

आई त्यावर आठवडाभर हसत होती.

जिन्यात भेटले तर "काय, बरी आहेस ना" असलं काही विचारायचे नाहीत. विचारायचे, "ज्योत निळी आहे ना?" मी कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर त्यांनी मला हे विचारलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मैत्रिणींना वाटलं म्हातारा सटकलाय. मी म्हटलं, "हो काका, निळी आहे." ते म्हणाले, "पिवळी झाली की सांग, बर्नर साफ करून देतो," आणि खाली गेले.

त्यांचं म्हणणं असं, की स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो सुटला की नाकाला कळतं. पण गॅस, कोळसा, लाकूड, काहीही बंद जागेत जळायला लागलं आणि त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, की ते अर्धवट जळतं. आणि त्या अर्धवट जळण्यातून जो निघतो त्याला ना वास, ना रंग. पुस्तकात त्याला कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. काका त्याला गप्प्या म्हणायचे. "गप्प्या खोकवत नाही, डोळ्यांतून पाणी काढत नाही. डोकं जड करतो, मळमळवतो, झोप आणतो. माणूस म्हणतो, जरा पडतो. आणि पडतोच." हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे, की एखाद्याला वाटावं नातवाचं कौतुक चाललंय.

आणि दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी डोकं दुखतंय म्हटलं की हे लगेच, "एकट्याचं का घराचं? एकट्याचं असेल तर बाम लाव. घराचं असेल तर दार उघड, गॅस बंद कर आणि सगळे गॅलरीत या." माझं बारावीत अभ्यासाने डोकं उठलं होतं, तरी त्यांनी आमच्या घरातल्या चौघांनाही एकेक करून विचारलं होतं, तुमचं दुखतंय का म्हणून. बाबांनी शेवटी वैतागून सांगितलं, "तुमच्यामुळे दुखायला लागलंय."

सगळ्यांना वाटायचं, यांचं कुणीतरी असं गेलं असणार, म्हणून हे खूळ. मी एकदा तोंडावरच विचारलं. मी तेव्हाही अशीच होते.

"काका, तुमचं कोण गेलं यात?"

"कुणी नाही."

"मग?"

"मग काय? कुणी जायलाच पाहिजे का? बॉयलरवर तीस-पस्तीस वर्षं काढली. एकालाही काही झालं नाही. हे सांगितलं की लोकांना मजा वाटत नाही. कुणी गेला असता म्हणजे बसून ऐकलं असतं." ते खरंच चिडले होते. "काही झालं नाही, हेच तर काम आहे माझं."

त्यांचा सगळ्यात मोठा सामना झाला तो पहिल्या मजल्यावरच्या आजींशी. त्यांची नात बाळंतीण होऊन घरी आली होती. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यात ओवा, बाळंतशोपा, आणि वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. काकांना जिन्यातच ओव्याचा वास आला आणि ते जागच्या जागी थबकले. पण बाळंतिणीची खोली, आत पुरुषाने जायची सोय नाही. त्यांनी बाहेरूनच दार वाजवलं.

"खिडकी उघडा."

"वारं लागंल पोरीला," आजी आतून.

"वारं लागलं तर सर्दी होईल. गप्प्या लागला तर काय होईल?"

"कोण गप्प्या? तुम्ही आधी खाली जा बघू."

असं पंधरा मिनिटं चाललं. सगळी चाळ गोळा झाली. शेवटी ठरलं ते असं: खिडकीचं वरचं झडप उघडं ठेवायचं, दार अर्धं उघडं ठेवायचं, शेगडी बाजेखालून काढून दाराशी ठेवायची आणि दारातून कुणी आत बघू नये म्हणून काकांनी तिथे बसायचं. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी हा माणूस त्या दारात स्टूल टाकून, खोलीकडे पाठ करून, शेक संपेपर्यंत बसून राहायचा. पेपर वाचत. मध्येच मान न वळवता विचारायचा, "पोरी, डोकं?" आतून पोरगी म्हणायची, "बरं आहे काका." बारशाला आजींनी त्यांना घुगऱ्यांची वाटी स्वतः आणून दिली. पण हे कुणाला आठवत नाही. चाळीला पुठ्ठाच आठवतो.

आता पुठ्ठ्याकडे येते.

आमची एक खोली, तिच्या एका कोपऱ्यात मोरी. मोरीला प्लायवूडचं पार्टिशन, पुढे दार. हवेच्या वाटा दोन: बाहेरच्या भिंतीत उंचावर जाळी आणि पार्टिशन व छत यांच्यामध्ये हातभर फट. त्या मोरीत बाबांनी गॅस गिझर बसवला. काका बसवण्याच्या दिवशीच हजर. "हा मोरीत नको. बाहेर लाव, पाइपने पाणी आत घे." बाबा म्हणाले, बाहेर भिंत कुठे आहे? ते खरंच होतं, खोलीच्या भिंतींना कपाट, देव्हारा, टीव्ही. गिझर मोरीतच राहिला. काका हरले, पण गप्प बसले नाहीत. त्यांनी दोन अटी घातल्या.

पहिली कडीची. मोरीच्या दाराला त्यांनी स्वतः एक कडी लावली, जी आतून लागायची पण बाहेरून फटीत चमचा घालून उचलता यायची. बाबा भडकलेच. "बायकामाणसांची मोरी, आणि बाहेरून उघडणारी कडी?" काका म्हणाले, "आतला माणूस पडला तर दार तोडायला किती वेळ लागतो, मला माहितीय. तुम्हाला माहीत नाही." कडी राहिली.

दुसरी अट गाण्याची. ज्याच्या घरी मोरीत गिझर, त्याने अंघोळ करताना गायचं. न येत असेल तर तांब्या वाजवायचा. गाणं थांबलं की बाहेरच्याने हाक मारायची. आमच्या मजल्यावर अशी तीन घरं होती. सकाळी सहा ते आठ आमच्या गॅलरीत काय मैफल चालायची, विचारू नका. बाबा तांब्यावर होते. मी कॉलेजातली, नवीन गाणी. आई आरत्या. आईचा आवाज म्हणजे काय सांगू, तिची मालवणची बहीण म्हणायची, ही गायला लागली की गावातली कुत्री समुद्राकडे पळायची. पण आई गायची. लाजत लाजत सुरू केलं आणि मग तिला ते आवडायलाच लागलं.

पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून बाबा बाहेरच्या जाळीवर प्लास्टिक ठोकायचे. काका यायचे आणि काढायचे. दर वर्षी. दोघंही एकमेकांना काही बोलायचे नाहीत, नुसतं एकाने ठोकायचं आणि एकाने काढायचं.

आमचं गावचं घर भावकीच्या भांडणात कुलपात अडकलेलं, त्यामुळे गणपती मुंबईतच. त्या वर्षी मी नुकती नोकरीला लागले होते, एका कुरियरच्या ऑफिसात, आणि ठरवलं होतं की मखर असं करायचं की मंडळाच्या पोरांनी बघायला यावं. कागदाची कमळं, दीडशे. थर्माकोलला बंदी, म्हणून सगळं पुठ्ठ्याचं. ऑफिसातले रिकामे खोके महिनाभर जमवले होते. मखराची जागा मोरीच्या पार्टिशनला लागून, कारण दुसरी नव्हतीच. आदल्या दिवशी दुपारी काका आले. नेहमीसारखी मान वर, खिशातून अगरबत्ती.

माझं डोकंच फिरलं. दोन रात्री झोप नव्हती, बोटं फेविकॉलने चिकटलेली. म्हटलं, "काका, हे चार दिवस तरी आमच्या घरात तुमची तपासणी नको. कागद आहे सगळा, ठिणगी पडली म्हणजे? अगरबत्ती लावायची ती देवापुढे लावा. नाहीतर येऊच नका."

त्यांनी न पेटवलेली अगरबत्ती खिशात ठेवली. "बरं," म्हणाले आणि गेले. बाहेरच्या जाळीवर बाबांनी ठोकलेलं प्लास्टिक तसंच राहिलं.

संध्याकाळी वहिनीची अंघोळ झाली आणि पार्टिशनच्या फटीतून वाफ बाहेर आली. माझी वरच्या रांगेतली कमळं माना टाकून बसली. मी शिडीवर चढले, फटीचं माप घेतलं, पुठ्ठा कापला, कडेने टेप मारून फट बंद केली आणि वरून मखमली पडदा सोडला. इतकं झकास बसलं की मी खाली उतरून लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात?

गणेशचतुर्थीच्या सकाळी घरात अकरा माणसं. विरारची मावशी, तिची मुलगी, जावई, आमचा दादा-वहिनी, पोरंबाळं. एकामागून एक अंघोळी, गिझर एक मिनिट बंद नाही. आई म्हणाली, सगळ्यांचं आटपू दे, मग मी अंघोळ करून सोवळ्यात मोदकांना बसते. मावशी अंघोळ करून आली आणि डोकं धरून बसली. आदल्या दिवशी हरतालिका, सगळ्या बायकांचा निर्जळी उपास. "उपासाचं पित्त," मावशी म्हणाली. मग वहिनीला उलटी झाली. मीच लिंबूसरबत करून दिलं आणि वर शहाणपणा शिकवला, "सांगितलं होतं ना, निदान पाणी तरी प्या." मावशीची मुलगी कपाळाला रुमाल बांधून आडवी झाली. सगळ्यांचं एकमत, हरतालिका बाधली.

काका त्यांच्या दारापुढे गॅलरीत स्टुलावर बसले होते. माझ्यावर रुसून आमच्या घराकडे पाठ केली होती. तेवढ्यात मावशीचे जावई केस पुसत बाहेर आले आणि कठड्याला टेकून डोकं चोळायला लागले. पुढचं मी दारातून ऐकलं, कारण मी दारात तोरण बांधत होते.

"काय झालं?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही हो. डोकं ठणकतंय. आत बायकांचंही तेच चाललंय, त्यांचा कालचा उपास."

"तुमचा होता का उपास?"

"माझा कशाला? मी काल लालबागला दोन प्लेट मिसळ खाल्ली."

काका उभे राहिले. "मग तुमचं का दुखतंय? तुम्ही केली होती हरतालिका?"

जावई हसायला लागले. काका हसले नाहीत. त्यांनी कान आमच्या दाराकडे केला. "मोरीत कोण आहे?"

"मावशी गेल्यात ना, आत्ताच," म्हणजे माझी आई.

"गात होत्या?"

"गात होत्या की. चांगल्या जोरात." जावयांनीही कान दिला. "आता थांबल्या वाटतं."

काका स्टूल ओलांडून धावले. सत्तरीचा माणूस. मी दारात उभी, आणि मला दिसलं काय, तर त्यांच्या पायातल्या चपला. आत पाटावर मूर्ती, गुरुजी यायची वेळ. मी आडवी झाले. खरंच हात पसरून दारात आडवी झाले. "काका, चपला!"

त्यांनी मला ढकललं. आजपर्यंत त्या माणसाने मला बोट लावलं नव्हतं, त्याने मला असं ढकललं की मी तोरणासकट भिंतीवर आदळले. "गॅस बंद कर," एवढंच म्हणाले. मोरीच्या दारावर दोनदा हाताने मारलं. आतून आवाज नाही. नुसता पाण्याचा आवाज. ओट्यावरून मोदकाच्या सारणाचा चमचा उचलला, छाती भरून श्वास घेतला, फटीत चमचा घातला, कडी वर. आई स्टुलावरून घसरून भिंतीला टेकली होती, डोळे अर्धे उघडे, चेहऱ्यावर कसलीच हालचाल नाही. काकांनी दोरीवरची चादर ओढून तिच्यावर टाकली आणि काखेत हात घालून तिला ओढत, मखराच्या समोरून, सगळ्यांच्या मधून, थेट गॅलरीत नेलं. मग पुन्हा आत येऊन मला, मावशीला, पोरांना, सगळ्यांना बाहेर हाकललं. दाराशी मी एकटीच मागे राहिले होते. काका मला दबक्या आवाजात म्हणाले, "वर काय बंद केलंय? फट कुठे गेली?" आणि पडदा धरून खाली खेचला. दीडशे कमळं जमिनीवर. पडद्यामागे माझा पुठ्ठा, कडेने टेप, आणि त्यावर माझ्या ऑफिसचा निळा शिक्का.

त्यांनी तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. शिडीवर चढून पुठ्ठा ओढून काढला, चार घड्या केल्या आणि काखेत मारला.

आईने गॅलरीत डोळे उघडले, पण बोलता येईना. खालच्या टॅक्सीतून हॉस्पिटल. काका टॅक्सीत पुढे बसून ड्रायव्हरला एकच सांगत होते, काचा उघड्या ठेव. हॉस्पिटलच्या दारात त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून टाकलं, मोरीतला गॅस गिझर, हवा बंद, बाकीच्या माणसांचीही डोकी दुखतायत. आईला ऑक्सिजन लावला. आम्हालाही तपासलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो. मला तिथल्या बाकावर बसवेना. मी उभीच राहिले.

मग बाबांनी विचारलं. बाबांचा राग तुम्हाला माहीत नाही. स्वतःच्या थोरल्या भावाशी ते एका वाक्यावरून अठरा वर्षं बोलले नव्हते. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "वरची फट होती ना? ती कुणी बंद केली?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं.

"मी सांगितलं होतं पोरीला," काका म्हणाले. "वाफेने कागद भिजतो म्हणाली. मी म्हटलं, पुठ्ठा लाव, दोन दिवसांनी काय होतंय. चुकलं माझं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बाबांनी त्यांच्याकडे पाठ केली. आणि मी तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी आई घरी आली. त्या वर्षी आमचा गणपती मखराशिवाय, मागे मोरी दिसत असलेल्या भिंतीपुढे बसला. गिझर बाबांनी स्वतःच्या हाताने उपटून काढला. आणि चाळीत बातमी पसरायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही: बॉयलरवाल्यानेच पुठ्ठा लावायला सांगितला. चौथ्या खोलीतले भाऊ तर गॅलरीत उभे राहून टाळ्या द्यायचे. काका पुढे कुणाच्या घरी गेले की लोक हसून म्हणायचे, "नको काका, तुम्ही पुठ्ठे लावायला सांगता." दारं हळूहळू बंद झाली. खिशातल्या अगरबत्त्या पूर्वी आठवड्यात संपायच्या, त्या महिना महिना तशाच राहायला लागल्या. मला ते दिसत होतं.

मी त्यांना गाठलं एकदा. "का केलंत असं?"

"तुझ्या बापाचा राग मला ठाऊक आहे. मी दोन खोल्या पलीकडे जेवतो. तू त्याच्या ताटासमोर जेवतेस."

"पण तुमचं नाव गेलं ना."

"नावाने काय हवा येते?" मग म्हणाले, "पावसाळ्यात जाळीवरचं प्लास्टिक मात्र आता तू काढत जा. मला तुझे बाबा आत घेणार नाहीत."

मी काढत गेले. पुढच्या पगारात त्यांच्यासाठी एक अलार्म मागवला, साबणाच्या वडीएवढा. गप्प्याची चाहूल लागली की किंचाळणारा. काकांनी तो दोन दिवस उलटापालटा करून बघितला. मग देव्हारा असावा तिथे भिंतीवर लावला आणि रोज सकाळी बटण दाबून वाजवून बघायला लागले. सगळी चाळ दचकून उठायची. मी म्हटलं, "आता अगरबत्तीला सुट्टी द्या." म्हणाले, "याचा सेल संपला की हा गप्प. माझा सेल अजून आहे." तसे आणखी दोन अलार्म मी मजल्यावरच्या गिझरवाल्या घरांत स्वतः जाऊन लावले, भांडून लावले. सगळं केलं मी. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही. आधी बाबांची भीती होती. बाबा गेले, तेव्हा आईची भीती वाटायला लागली. आईच्या जिवाशी मी खेळले, हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

चाळ रिकामी झाली, टॉवर उभा राहायचा होता, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. काका बदलापूरला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले, म्हातारपणाने, स्वतःच्या अंथरुणात. तेराव्याला मी गेले होते. फोटोसमोर मोगऱ्याची अगरबत्ती लावली होती. धूर सरळ खिडकीबाहेर जात होता. मी तिथे ढसाढसा रडले आणि लोकांना वाटलं, शेजारच्या बाईला केवढी माया.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नव्या टॉवरच्या सोसायटीची मीटिंग झाली. स्वयंपाकघराबाहेर छोटी बाल्कनी आहे, तिथे पुष्कळांनी गॅस गिझर लावलेत. प्रस्ताव असा, की पाऊस आणि कबुतरं येतात म्हणून सगळ्या बाल्कन्या काचेने गच्च बंद करायच्या, म्हणजे बाहेरून एकसारखं दिसेल. मी उभी राहिले आणि सुरू झाले. हवा, ज्योत, गप्प्या, सगळं. भाऊ आता सेक्रेटरी. ते मिश्कील हसत म्हणाले, "अगं, तुझ्या त्या काकांचंच ना हे? ज्यांनी तुझ्या आईच्या मोरीला पुठ्ठा लावायला सांगितला?"

सगळे हसले. पहिल्या रांगेत आई बसली होती, मांडीवर पर्स घेऊन.

"पुठ्ठा मी लावला होता," मी म्हटलं. आवाज इतका चढला की माझा मलाच ओळखू येईना. "काकांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना घरात यायलाच बंदी केली होती. मी माप घेतलं, मी कापला, मी टेप मारली. ते आईला वाचवायला धावत आले तेव्हा चपलांसाठी मी त्यांना दारात अडवलं. आणि बाबांनी विचारलं तेव्हा त्यांनी ते स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं. इतकी वर्षं तुम्ही त्यांना हसलात, ते माझ्यामुळे. आता हसायचं तर मला हसा. काचा मात्र लावायच्या नाहीत."

कुणी हसलं नाही. भाऊंनी कागद खाली ठेवला. मागून एक नवी सून उभी राहिली, तिचं नावही मला माहीत नव्हतं. म्हणाली, "ताई, आमची बाल्कनी आम्ही आधीच बंद करून घेतलीय. सकाळी सासूबाईंचं आणि माझं, दोघींचं डोकं दुखतं. बघायला याल?" मी तशीच तिच्याबरोबर गेले, खाली दुकानातून अगरबत्तीचा पुडा घेऊन. धूर परत घरात वळला. नापास. दुसऱ्या दिवशी काचा निघाल्या. काचेचा प्रस्तावही बारगळला.

पण मी त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई गप्प होती. जेवताना गप्प. ताट उचललं, आपल्या खोलीत गेली. मी म्हटलं, संपलं. आता ही माझ्याशी बोलायची नाही, आणि का बोलावं?

सकाळी मी चहा टाकत होते. आमच्याकडे आता विजेचा गिझर, बाथरूमला मोठी खिडकी, गायची काही गरज नाही. चाळ सुटल्यापासून आईने अंघोळीत गाणं सोडलंच होतं. आणि एकदम आतून आरती सुरू झाली. तीच, तशीच बेसूर, भांडी हलतील अशी. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर आवाज थांबला.

मी धावले. दारावर दोन्ही हातांनी मारलं. "आई! आई!"

"जित्ती आसंय गो," आतून तिच्या माहेरच्या मालवणीत आवाज आला. "फुडचा कडवा आठवूक नको? दार मोडतलंस."

मी तिथेच दाराला डोकं टेकून उभी राहिले. आत तांब्या वाजला, पाणी पडलं. मग आई म्हणाली, "पुठ्ठो मातर बरो कापल्लंस हां. येक फट म्हणान ठेवलंस नाय."

आणि पुन्हा गायला लागली. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, बाथरूमच्या दाराकडे पाठ करून बसले आणि आरती पूर्ण होईपर्यंत हलले नाही.